सहा वर्षांच्या आतली मुले आणि मार्चअखेरचे अनुदान

(अपंग मुलांचे पालक, विशेष शिक्षक व कार्यकर्ते यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'शीघ्र हस्तक्षेप सेवा आणि शासकीय अनुदान' असा छापला आहे. 'शीघ्र हस्तक्षेप' हे शब्द ऐकून कोणाला वाटावे की कोठेतरी दंगल उसळली असून ती शमविण्यास पोलिसांची तुकडी निघाली आहे. सरकारी परिभाषेने मराठीवर जे अनेक उपकार केले आहेत त्यांतलाच हा एक. अर्थ मात्र साधा आहे. मूल मान धरीत नाही, आवाजाकडे वळत नाही, नजर देत नाही, बोलण्याचे वय उलटले तरी बोलत नाही, हे ध्यानी येताच वर्षानुवर्षे वाट न पाहता त्या मुलाला आणि त्याच्या घराला तज्ज्ञांची मदत पोहोचविणे म्हणजे शीघ्र हस्तक्षेप.

या सेवेचे वैद्यकीय महत्त्व पटवून देण्यासाठी मी उभा नाही. येथे बसलेल्या आयांना ते माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते पैशाविषयी. आणि त्याहूनही अधिक, पैसा ज्या रीतीने येतो त्या रीतीविषयी. माझे म्हणणे असे की, लहान मुलांच्या बाबतीत 'अनुदान' ही पद्धतच मुळात अपुरी आहे. रक्कम दुप्पट केली तरी तिचा दोष पूर्णपणे जाणार नाही, कारण मुलाच्या वाढीचे घड्याळ आणि सरकारी तिजोरीचे घड्याळ यांचा मेळ बसत नाही.

मुलाचे घड्याळ कसे चालते ते आधी पाहू. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलात एक विकार उद्भवू शकतो. तो ओळखण्यासाठी जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळे तपासावे लागतात, आणि उपचाराची गरज आढळल्यास तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. तेवढ्यात झाला तर दृष्टी वाचण्याची शक्यता मोठी असते; वेळ गेली तर ते मूल जन्मभर अंधत्व वागविते. ऐकण्याच्या बाबतीत जगभर मानलेला दंडक आहे : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि प्रशिक्षण सुरू. वाकड्या पावलांनी जन्मलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा प्लास्टरे घातली, गरज पडल्यास टाचेच्या स्नायुबंधाला लहानसा छेद दिला आणि पुढे तीन-चार वर्षे रात्री विशिष्ट बूट वापरले, तर ते मूल इतर मुलांसारखे धावते. या उपचाराला मोठे रुग्णालय लागत नाही. लागतो तो दर आठवड्याला हजर असणारा माणूस आणि दर आठवड्याला तेथवर पोहोचू शकणारी आई.

आता तिजोरीचे घड्याळ. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरासाठी प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब असे चार गट करून तीस अवस्था शोधायच्या, असे त्याचे स्वरूप. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा फिरते पथक जाते. पथकाला आढळलेल्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे आणि तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, दृष्टितपासनीस एका छपराखाली मिळावेत, अशी ही योजना आहे. कागदावर ती उत्तम आहे, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. ज्यांनी ती आखली त्यांना या मुलांची गरज नीट कळलेली होती.

परंतु या केंद्राचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के, असे त्याचे प्रमाण आहे. राज्याने आराखडा पाठवायचा, दिल्लीने त्यातल्या ओळींवर खुणा करायच्या, मग मंजुरी, मग हप्ता. तज्ज्ञांच्या नेमणुका कंत्राटी. करार अकरा महिन्यांचा, मग खंड, मग पुन्हा करार. सेरेब्रल पाल्सीचे मूल एखाद्या बाईंच्या हाताखाली वर्षभर रुळते, तिचा आवाज ओळखू लागते, तिने मांडीवर घेतले तर रडत नाही. आणि मग त्या बाई दुसरी नोकरी मिळाली म्हणून निघून जातात. त्यांना दोष कोण देणार? त्यांनाही घरभाडे आहे. नवीन नेमणुकीची जाहिरात निघेपर्यंत खोलीला कुलूप असते, आणि आखडलेले स्नायू आणखी आखडत जातात.

दुसरा मार्ग स्वयंसेवी संस्थांचा. मी संस्थांविषयी आदराने बोलतो. सरकारला या मुलांचे अस्तित्वही जाणवत नव्हते तेव्हा संस्थांनी काम उभे केले. १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी केंद्र काढले आणि त्यातून स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेली बाळे नवजात कक्षातून घरी गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना विसरून न जाता वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, तिरुवनंतपुरम येथे डॉ. एम. के. सी. नायर यांच्या नेतृत्वाखाली बालविकास केंद्र सुरू झाले आणि अंगणवाडीतल्या कार्यकर्तीलाही वापरता येईल असा विकासतपासणीचा साधा तक्ता तेथे तयार झाला. तमिळनाडूच्या आयकुडी गावी १९८१ पासून अमर सेवा संगम ही संस्था अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करते. तिने खेड्यातल्याच मुलींना प्रशिक्षण देऊन घरोघर उपचार पोहोचविण्याची पद्धत बसविली. म्हणजे कसे करावे हे या देशाला ठाऊक नाही, असे नाही. चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

अशा कामाला केंद्र सरकार जे पैसे देते त्याची मुख्य योजना दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना. १९९९ साली ती वेगळ्या नावाने आली, २००३ मध्ये तिला दीनदयाळ यांचे नाव मिळाले. (नावे बदलण्यास अनुदान लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.) शाळापूर्व शिक्षण व शीघ्र हस्तक्षेप हा तिच्यातला एक प्रकल्पप्रकार आहे. शासनाने ठरविलेल्या मानकांच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मिळू 'शकते', हे क्रियापद लक्षात घ्या. अर्ज, जिल्ह्याची तपासणी, राज्याची शिफारस, दिल्लीची छाननी, त्रुटींचे पत्र, त्रुटींच्या उत्तरावर आणखी त्रुटी. आणि बहुधा खर्च आधी, पैसे मागाहून. ज्या संस्थेच्या पाठीशी शहरातले दानशूर लोक आहेत ती वर्षभर उधारीवर तग धरते. तालुक्याच्या गावातली संस्था शिक्षिकांचे सहा-सहा महिन्यांचे पगार थकविते. याचा परिणाम असा की जेथे पैसा आधीच आहे तेथे अनुदान पोहोचते, आणि जेथे काहीच नाही तेथे अर्ज करायलाही कोणी नसतो. अनुदान मागणाऱ्याला मिळते. दोन वर्षांचे मूल मागू शकत नाही, त्याची शेतमजूर आई मागू शकत नाही, आणि ज्या तालुक्यात संस्थाच नाही तो तालुका तर मुळीच मागू शकत नाही.

रकमेविषयीही एक आकडा सांगतो. २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात या योजनेसाठी १३० कोटी रुपये होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील अपंग व्यक्ती २ कोटी ६८ लाख. भागाकार केला तर माणशी वर्षाला साडेअठ्ठेचाळीस रुपये येतात. ही योजना सर्व अपंगांना पुरी पडावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरीही राज्याच्या मनात या प्रश्नाचे वजन किती, एवढे त्या भागाकारावरून समजते. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची अपंग मुले वीस लाखांहून अधिक नोंदली गेली. प्रत्यक्षात ती अधिक असणार, कारण जनगणनेच्या दारात आई आपल्या दीड वर्षाच्या मुलाचे अपंगत्व कसे सांगणार? तिलाच ते अजून कोणी सांगितलेले नसते.

येथे कायद्याकडे वळले पाहिजे, कारण अनुदानाची ही लहर कायद्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत वाढली आहे. मूळ घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचे अभिवचन होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना मूलभूत हक्क दिला. तो २०१० पासून अमलात आला. मग सहाच्या आतली मुले? ती ४५ व्या अनुच्छेदातच राहिली, मार्गदर्शक तत्त्वांच्या यादीत, जेथे राज्य 'प्रयत्न करील' एवढेच म्हटले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तोही सहा ते अठरा वर्षांसाठी. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला साडेतीन हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण ती शाळेच्या पटावर नाव चढल्यानंतर. ज्या वयात मेंदू सर्वांत वेगाने घडतो, त्याच वयात नागरिकाला न्यायालयात जाऊन मागता येईल असे काही नाही. हे केवळ दुर्लक्ष आहे असे मला वाटत नाही. मतदार नसलेल्यांत सर्वांत लहान, आणि त्यातही सर्वांत दुर्बल, असा हा वर्ग आहे.

याच २०१६ च्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात मात्र एक चांगली गोष्ट लिहिलेली आहे. धोक्याच्या रेषेवरील मुले शोधण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याचे काम त्यात शासनावर टाकले आहे. तपासणी करा असे कायदा सांगतो. तपासणीत सापडलेल्या मुलाला किती दिवसांत उपचार मिळाला पाहिजे, हे तो सांगत नाही. मूल सापडते, कार्डावर शिक्का पडतो, पुढच्या पाळीला पथक येते तेव्हा तेच मूल पुन्हा 'सापडते'.

आणखी एक गाठ आहे, ती पालकांच्या अनुभवाची आहे. कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले आहे. त्यात 'विकासातील विलंब' हा प्रकार नाही. दोन वर्षांचे मूल बोलत नाही. ते स्वमग्न आहे, बहिरे आहे, बौद्धिक अक्षमता आहे की निव्वळ उशिरा बोलणारे आहे, हे त्या वयात पुष्कळदा छातीठोकपणे सांगता येत नाही. प्रामाणिक डॉक्टर म्हणतो, थांबू या, पाहू या, पण उपचार आजच सुरू करू. योजनेचा कारकून म्हणतो, प्रमाणपत्र आणा. बहुतेक सवलती आणि अनुदानाच्या याद्या प्रमाणपत्रावर किंवा ओळखपत्रावर चालतात. म्हणजे ज्या अवस्थेत मदतीचा सर्वांत अधिक उपयोग, त्या अवस्थेला सरकारदप्तरी नाव नाही. आणि नाव मिळण्याइतके अपंगत्व पक्के झाले की मदतीचा उपयोग निम्म्यावर आलेला असतो. अमेरिकेसारख्या देशात, जेथे आरोग्यसेवा हा नफ्याचा धंदा आहे, १९८६ च्या कायद्यानंतर तीन वर्षांच्या आतल्या मुलाला निव्वळ विकासातील विलंबाच्या आधारे सेवा मिळते. मूल कळविल्यापासून पंचेचाळीस दिवसांत त्याचे मूल्यमापन आणि पालकांसह पहिली बैठक झाली पाहिजे, असा तेथे नियम आहे. तेथेही केंद्र सरकारचा पैसा अपुरा असतो, राज्याराज्यांत तफावत असते, काही कुटुंबांकडून शुल्कही घेतात. तेव्हा मी त्या व्यवस्थेची आरती ओवाळीत नाही. परंतु पंचेचाळीस दिवस हा आकडा कायद्याच्या चौकटीत आहे, आणि तो मोडला तर आईला विचारता येते.

आपल्याला यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचे कारणच नाही. या महाराष्ट्राने, १९७२ च्या दुष्काळाच्या होरपळीतून, रोजगार हमी योजना उभी केली. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७७ च्या कायद्यात उतरली आणि १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्यातला क्रांतिकारक भाग मजुरीच्या दराचा नव्हता. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, हा तो भाग होता. दिवस मोजण्याचा अधिकार मजुराच्या हाती आला. त्या योजनेसाठी पैसा कोठून आला? १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकातून महिन्याला जे दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये आजही कापले जातात, त्या कराचा जन्म खेड्यातल्या मजुराच्या हक्कासाठी झाला. ती योजना निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. खोटी हजेरीपत्रके आणि थकलेली मजुरी आपणच मोर्चे काढून चव्हाट्यावर आणली होती. पण मोर्चा काढता आला, कारण हक्क होता. अनुदान थकले म्हणून मोर्चा निघाल्याचे क्वचितच दिसते. संस्थाचालक मंत्रालयात खेटे घालतात, एवढेच.

माझी मागणी याच धर्तीची आहे. सहा वर्षांच्या आतल्या ज्या मुलात विकासातील विलंब आढळेल, त्याला प्रमाणपत्राची अट न घालता, ठरावीक दिवसांत तपासणी आणि उपचार मिळण्याची हमी राज्याने कायद्याने द्यावी. आणि न मिळाल्यास खाजगी उपचाराचा व प्रवासाचा खर्च राज्याने सोसावा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. स्वतंत्र विभागाला स्वतंत्र जबाबदारी हवी. आज मूल आरोग्य खात्याला सापडते, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची आणि अपंगत्व या नव्या विभागाचे. चार खात्यांच्या मध्ये उभे असलेले मूल कोणत्याच खात्याचे नसते.

कोणी विचारील, मग संस्था मोडीत काढायच्या काय? मुळीच नाही. संस्थांनी प्रशिक्षण द्यावे, नवे प्रयोग करावेत, सरकारवर नजर ठेवावी, आणि जेथे त्या सेवा देतात तेथे सरकारने त्यांचे बिल वेळेवर चुकते करावे. फरक एवढाच की संस्थेला पैसे मिळाले नाहीत म्हणून मुलाची सेवा थांबणार नाही, ती जबाबदारी राज्याचीच राहील. मला कल्पना आहे की संस्थाचालकांपैकी काहींना हे रुचणार नाही. उपकारकर्त्याच्या भूमिकेची सवय लागली की हक्काची भाषा कृतघ्नपणाची वाटू लागते.

आणि अंगणवाडी सेविका? २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अपंग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. मूल ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा, ही कामे सेविकेकडे आली. तिला वेतन नाही, मानधन आहे. पोषण आहार, वजनकाटा, भ्रमणध्वनीवरच्या नोंदी, आणि आता हे. काम योग्य आहे, ते तिच्याइतके चांगले दुसरे कोणी करूही शकणार नाही, कारण गावातले प्रत्येक मूल तिला नावाने ठाऊक असते. म्हणूनच शीघ्र हस्तक्षेपाची मागणी आणि सेविकेच्या वेतनाची मागणी या एकाच मोर्चाच्या घोषणा झाल्या पाहिजेत. केंद्रातल्या कंत्राटी तज्ज्ञांनाही त्यात बरोबर घ्यावे. पालकांनी कर्मचाऱ्यांच्या संपाला वैतागायचे आणि कर्मचाऱ्यांनी पालकांच्या तक्रारींना, हे चित्र कोणाच्या सोयीचे आहे, ते आपण ओळखून असावे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक पैसा आपल्या दाराशी पडून आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी, नगरपालिकांनी, जिल्हा परिषदांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. ती कशी खर्च होते, हे आपण पाहतो. वर्ष संपत आले की धावपळ होते, एक समारंभ होतो, काही वस्तूंचे वाटप, काहींना रोख रक्कम, छायाचित्रे. प्रौढ अपंगांची ती गरज खरी आहे, त्यातून काढून घ्या असे मी म्हणत नाही. पण या निधीच्या खर्चाच्या यादीत सहा वर्षांच्या आतले एकही मूल नसते, हे चालू देता कामा नये. पाड्यावरची आई बाळाला घेऊन आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या गावी जाते तेव्हा तिचे एसटीचे अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून वाचले. तिची त्या दिवसाची मजुरी मात्र बुडतेच. ती मजुरी या निधीतून का देऊ नये? पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून आठवड्यातून दोन दिवस एका फिजिओथेरपिस्टला गावाच्या अंगणवाडीत का आणू नये? कर्णरोपण झालेल्या मुलाच्या यंत्राची तार तुटली, घटमाला संपली म्हणून ते मूल महिनोन्महिने निःशब्द बसते. शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्चून हजार-पाचशेसाठी सर्व वाया जाते. तेवढी दुरुस्ती पंचायत करू शकणार नाही काय?

तेव्हा येत्या १ मेच्या ग्रामसभेत येथे बसलेल्या प्रत्येकाने दोन प्रश्न लेखी द्यावेत आणि त्यांची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. पहिला, आमच्या गावात सहा वर्षांच्या आतली किती मुले पथकाने तपासणीत काढली आणि त्यांतल्या कितींवर प्रत्यक्ष उपचार सुरू आहेत. दुसरा, पाच टक्के निधीतून त्यांच्यावर गेल्या वर्षी किती रुपये खर्च झाले. उत्तर शून्य आले तरी ते लिहून घ्या, त्यावर सचिवाची सही घ्या आणि ते कागद तालुक्याच्या ठिकाणी एकत्र करा. जूनमध्ये आपण ते घेऊन जिल्हा परिषदेवर जाऊ.